दीवला दोन मुक्काम: किल्ला, गाव आणि किनारे नीट बघायचे तर

सोमनाथ, गीर आणि दीव ही तीन नावं आपल्याकडच्या सहलींत एका ओळीत येतात आणि त्यात दीवच्या वाट्याला बहुतेक वेळा अर्धा दिवस येतो. किल्ल्यात पाऊण तास, नागव्याच्या किनाऱ्यावर एक डुबकी, वाटेत एखादं देऊळ, की झालं दीव. गुजरातेत दारूबंदी आणि इथे नाही, त्यामुळे उरलेली ओळखही त्याच एका गोष्टीवर अडून बसते. वसईचा किल्ला एसटीच्या खिडकीतून बघून यावं, तशातली ही गत.

खरं तर चौल, दाभोळ, वसई आणि मुंबई यांच्या इतिहासाचे धागे दीवशी इतके गुंतलेले आहेत की मराठी माणसाला इथे परकं वाटू नये. त्यासाठी निदान दोन मुक्काम हवेत. आणि हातात भरती-ओहोटीच्या वेळा हव्यात, कारण इथलं निम्मं बघणं पाण्याच्या पातळीवर ठरतं. पुढचा आराखडा या दोन गोष्टींवरच बेतला आहे.

आधी नकाशा डोक्यात बसवा

दीव हे सौराष्ट्राच्या दक्षिण किनाऱ्याला, ऊना गावाच्या खालच्या अंगाला असलेलं बेट. पूर्व-पश्चिम लांबी अकरा-बारा किलोमीटर, रुंदी जेमतेम तीन. उत्तरेला खाडी, दक्षिणेला खुला अरबी समुद्र. दीव शहर, म्हणजे किल्ला, कोट, चर्चं आणि बाजार, हे सगळं पूर्वेच्या टोकाला. तिथून पश्चिमेकडे निघालं की आधी फुदम, मग बुचरवाडा, दक्षिण किनाऱ्यावर नागवा आणि अगदी पश्चिम टोकाला मच्छीमारांचं वणाकबारा. खाडीपलीकडचं घोघला मुख्य भूमीवर असलं तरी दीवचाच भाग आहे.

राज्यकारभाराच्या दृष्टीने दीव १९८७ च्या मे महिन्यापर्यंत गोव्याशी जोडलेलं होतं. पणजीच्या विधानसभेत तीस आमदार बसत. त्यांतला एक दमणचा आणि एक दीवचा. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाल्यावर दमण आणि दीव वेगळे झाले, आणि २६ जानेवारी २०२० पासून दादरा-नगर हवेलीसह त्यांचा एकच केंद्रशासित प्रदेश आहे. उच्च न्यायालय मात्र आजही मुंबईचंच. बोलीभाषा गुजराती, हिंदीवर सगळं भागतं.

तारखा ठरवताना

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. त्यातही दिवाळीनंतरचा आठवडा आणि ३१ डिसेंबरच्या आसपासचे दिवस टाळावेत. गुजरातेतून तेव्हा इतकी गर्दी लोटते की खोल्यांचे भाव दुप्पट-तिप्पट होतात आणि नागव्याच्या रस्त्यावर गाडी हलत नाही. शक्य असेल तर सोमवार ते गुरुवार जावं. मार्चपासून ऊन चढतं. किल्ल्यावर सावली जवळपास नाहीच, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊनंतर तिथे फिरणं ही शिक्षा होते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, पाण्यातले खेळ बंद असतात आणि मासेमारीबंदीमुळे ताजी मासळीही कमी मिळते. हिरवंगार बेट आणि रिकामा किल्ला आवडत असेल तर सप्टेंबरची अखेर मात्र वाईट नाही.

महिना ठरला की तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, अष्टमीच्या आसपास भांगाची. उधाणात भरती जास्त चढते आणि ओहोटीही खूप आत जाते, म्हणजे गंगेश्वरच्या शिवलिंगांवर लाटा जोरात येतात आणि खडकाळ किनारे दूरवर उघडे पडतात. दीव बघायला हे दिवस जास्त रंगतदार. लहान मुलांना घेऊन मुख्यतः पोहायला जायचं असेल तर भांगाचे दिवस बरे. कोकणात तिथीवरून भरतीची वेळ काढायची सवय असलेल्यांनी ती मोजणी इथे जशीच्या तशी लावू नये. जागा बदलली की वेळ सरकते. दीव किंवा जवळच्या वेरावळ बंदराच्या भरतीच्या वेळा मोबाइलवर मिळतात, त्या निघण्याआधीच उतरवून ठेवा. एक हिशोब लक्षात असला की पुरे: भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे जाते.

पोहोचायचं कसं

मुंबईहून तीन वाटा आहेत. पहिली रेल्वेची: वेरावळला जाणारी गाडी पकडायची आणि तिथून बसने किंवा टॅक्सीने सुमारे नव्वद किलोमीटर. सोमनाथ वेरावळला लागूनच असल्यामुळे दर्शन आधी उरकता येतं. माझ्या मते कुटुंबासाठी हीच वाट सर्वांत सुखाची.

दुसरी वाट स्वतःच्या गाडीची. सुरतेजवळच्या हजिऱ्याहून भावनगरजवळच्या घोघ्याला गाड्या वाहून नेणारी रो-रो बोट सुटते. ती घेतली तर खंभातच्या आखाताचा लांबलचक वळसा वाचतो. घोघ्याहून महुवा, राजुला, ऊना असं करत दीव साधारण दोनशे किलोमीटर. इथे एक सावधगिरी: घोघा आणि घोघला ही दोन वेगळी ठिकाणं आहेत. मोबाइलच्या नकाशात एक अक्षर चुकलं की पूर्ण दिवसाची वाट लागू शकते.

तिसरी वाट हवाई. दीवचा छोटा विमानतळ नागव्याजवळ आहे. विमानं लहान, फेऱ्या मोजक्या आणि वेळापत्रक बदलतं, त्यामुळे परतीचा दिवस जरा सैल ठेवावा. मुंबईहून खाजगी स्लीपर बसही ऊना-दीवपर्यंत जातात. रात्र आणि वर अर्धा दिवस बसायची तयारी असेल तरच.

ऊन्याहून बेटावर शिरायला दोन रस्ते आहेत. एक देलवाडा-अहमदपूर मांडवीवरून घोघल्याला येऊन पुलाने थेट शहरात उतरतो, दुसरा तड गावाकडून पुलावरून येतो. पहिल्यांदा जात असाल तर घोघल्याकडून या. पूल ओलांडताना डावीकडे खाडीच्या तोंडाशी किल्ल्याची भिंत आणि पाण्यात उभा पाणीकोट, दोन्ही एकदम दिसतात, आणि हे बंदर इतक्या जणांना का हवं होतं ते तिथेच समजतं.

मुक्काम कुठे

नागव्याजवळ रिसॉर्टं जास्त आहेत, जाहिरातीही त्यांच्याच. तरीही पहिला मुक्काम दीव शहरात, बंदर रस्त्याच्या आसपास करावा असं मी सुचवेन. किल्ला, चर्चं, बाजार, मासळीबाजार सगळं पायी होतं आणि पहाटे उठून किल्ल्याकडे चालत जाता येतं. दुसरा मुक्काम हवा तर नागव्याला किंवा घोघल्याला हलवा. फिरायला रिक्षा मिळते. दोघंच असाल तर भाड्याची स्कूटर सोयीची. वाहन परवाना मूळ बरोबर ठेवा, आणि घेण्याआधी ब्रेक, दिवे बघून गाडीचे चहूबाजूंनी फोटो काढा.

किल्ल्यात शिरण्याआधी एवढा इतिहास माहीत हवा

इतिहासाचा हा तुकडा नसेल तर किल्ला म्हणजे नुसती पिवळी भिंत आणि गंजक्या तोफा.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस दीव गुजरातच्या सुलतानाचं भरभराटीचं बंदर होतं. तांबड्या समुद्रातून आणि इराणच्या आखातातून येणारी जहाजं इथे कापड आणि मसाले भरत. सुलतान महमूद बेगड्याने हे बंदर मलिक अयाझ या सरदाराच्या हाती दिलं होतं. त्याने खाडीच्या तोंडाशी पाण्यात बुरूज बांधला आणि तिथून किनाऱ्यापर्यंत लोखंडी साखळी ओढायची सोय केली. साखळी वर घेतली की बंदर बंद.

पोर्तुगीज आले तेव्हा या व्यापाराच्या पोटावर पाय आला. १५०८ मध्ये आपल्या चौलच्या खाडीत इजिप्तच्या मामलुकांचं आरमार आणि मलिक अयाझची गलबतं यांनी मिळून पोर्तुगीज ताफ्याला हरवलं. त्यात व्हाइसरॉय फ्रांसिश्कु द आल्मैदा याचा मुलगा लोरेन्सु मारला गेला. सूड घ्यायला बाप निघाला, वाटेत त्याने दाभोळ जाळून लुटलं, आणि ३ फेब्रुवारी १५०९ ला दीवच्या बंदराच्या तोंडाशी मामलुक, गुजरात आणि कालिकत यांच्या एकत्रित आरमाराचा धुव्वा उडवला. अरबी समुद्रावर पुढचं शतकभर कोणाचा शब्द चालणार, याचा निकाल बऱ्याच अंशी त्या एका दिवशी लागला.

लढाई जिंकली तरी दीव त्यांना मिळालं नाही. १५३१ मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर नुनु द कुन्या मोठं आरमार घेऊन आला आणि हात हलवत परत गेला. मग हुमायून गुजरातवर चालून आला आणि सुलतान बहादूरशहा कात्रीत सापडला. डिसेंबर १५३४ च्या तहाने त्याने वसई, आणि तिच्याबरोबर मुंबईची बेटं, पोर्तुगिजांना देऊन टाकली. पुढच्याच वर्षी मोगलांविरुद्ध मदत मिळावी म्हणून दीवला किल्ला बांधायची परवानगीही दिली. मुंबई पोर्तुगिजांकडे कशी गेली याची गोष्ट आपण इंग्लंडच्या राजाला मिळालेल्या ब्रागांझाच्या पोर्तुगीज राजकन्येच्या आंदणापासून सुरू करतो. तिचं पहिलं पान इथलं आहे.

मोगलांचं संकट टळल्यावर बहादूरशहाला आपण काय देऊन बसलो ते उमगलं. फेब्रुवारी १५३७ मध्ये तो पोर्तुगीज गव्हर्नरला भेटायला त्याच्या जहाजावर गेला आणि परतताना झालेल्या झटापटीत दीवसमोरच्या पाण्यात मारला गेला. घात कोणी केला, यावर पोर्तुगीज आणि फारसी बखरींचं आजही जमत नाही.

त्यानंतर दोन वेढे. १५३८ मध्ये इजिप्तचा सुभेदार सुलेमान पाशा उस्मानी आरमार घेऊन आला. आंतोनियु द सिल्वैराने मूठभर माणसांनिशी किल्ला टिकवला. १५४६ चा वेढा त्याहून भीषण होता. सुरुंगाने बुरूज उडाला, त्यात गव्हर्नर जुआंव द काश्त्रु याचा मुलगा फर्नांदु ठार झाला. नोव्हेंबरात खुद्द काश्त्रु गोव्याहून कुमक घेऊन आला आणि वेढा मोडला. किल्ला पुन्हा बांधायला पैसे नव्हते. त्याने गोव्याच्या नगरसभेकडे कर्ज मागितलं आणि तारण म्हणून स्वतःच्या दाढीचे केस पाठवले. मुलाची हाडं गहाण ठेवणार होतो, पण प्रेताची हाडं अजून सुटी झालेली नाहीत, असं त्याने पत्रात लिहिलं. गोवेकरांनी पैसे दिले आणि केस मानाने परत पाठवले. आज दिसणाऱ्या तटबंदीचा बराच भाग याच पुनर्बांधणीचा.

पहिला दिवस, सकाळ: किल्ला

सूर्योदयाच्या सुमारास किल्ल्याच्या बाहेरच्या वाटेवर पोहोचा आणि दार उघडताच आत शिरा. आत किमान अडीच तास ठेवा. पाणी आणि टोपी बरोबर असू द्या.

दारातून घाईने पुढे जाऊ नका. किल्ल्याच्या तीन बाजूंना समुद्र आहे. चौथ्या, शहराकडच्या बाजूला दोन खंदक आहेत. बाहेरच्यात भरतीचं पाणी खेळतं, आतला खडकात खोल तासलेला कोरडा. पुलावर उभं राहून दोन्ही नीट बघितले की १५४६ नंतर पोर्तुगिजांना कुठल्या बाजूची धास्ती होती ते कळतं. मराठी किल्ल्यांची सवय असलेल्या डोळ्यांना इथला फरकही लगेच जाणवतो: आपल्याकडे उंची आणि कडे राखण करतात, इथे जमीन सपाट, म्हणून सगळी राखण भिंतीच्या जाडीवर आणि तोफांच्या कोनांवर. बुरुजांना टोकं काढलेली आहेत ती यासाठीच, की भिंतीच्या पायथ्याशी आलेला शत्रू शेजारच्या बुरुजावरून टिपता यावा.

आत गेल्यावर आधी तटावर चढा आणि तटावरूनच फेरी मारा. पितळी आणि लोखंडी तोफा बऱ्याच ठिकाणी जागच्या जागी आहेत. काहींवर पोर्तुगालची राजचिन्हं आणि लेख वाचता येतात. गुजरातच्या सुलतानाची १५३३ साली ओतलेली एक प्रचंड तोफ मात्र इथे शोधू नका. ती पोर्तुगिजांनी नेली, ती आज लिस्बनच्या लष्करी संग्रहालयात ‘दीवची तोफ’ म्हणून ठेवली आहे. मधल्या मोकळ्या जागेत पडकं प्रार्थनागृह, थडग्यांच्या शिळा, तोफगोळ्यांचे ढीग आणि दीपगृह आहे. किल्ल्याच्या एका भागात बराच काळ छोटा तुरुंगही होता.

उत्तरेच्या तटावरून खाडीत उभा पाणीकोट दिसतो. मलिक अयाझच्या साखळीची जागा तीच. लांबून तो नांगरलेल्या जहाजासारखा दिसतो म्हणून पर्यटक तिथे जायचा हट्ट धरतात. बंदरावरून होडीने त्याच्याभोवती फेरी मारता येते, तीही पाणी आणि परवानगी असेल तेव्हा. भरती चढत असताना गेलात तर भिंतीच्या जवळ जाता येतं. होडी नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. तटावरून दिसणारं दृश्य जास्त सांगतं.

ज्यांनी वसईचा कोट पाहिला आहे त्यांनी इथे एक गोष्ट मनात ठेवून फिरावं. दोन्ही किल्ले एकाच सत्तेचे, पायाही थोड्याच वर्षांच्या अंतराने पडलेला. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगिजांचा उत्तरेकडचा प्रांत जवळजवळ संपला. दमण आणि दीव तेवढे उरले. वसईत पोर्तुगीज वस्तीचे आज अवशेष आहेत. दीवमध्ये तीच वस्ती चालूबोलू राहिली, म्हणून वसईच्या पडक्या चर्चांना छप्पर आणि वर्दळ असती तर कसं वाटलं असतं, याचा अंदाज इथे येतो.

पहिला दिवस, दुपारनंतर: कोटाच्या आतलं गाव

ऊन उतरल्यावर, चारच्या सुमारास चर्चांपासून सुरुवात करा. सेंट पॉल हे चर्च जेसुइट पंथाच्या पाद्र्यांनी १६०१ मध्ये सुरू केलं आणि १६१० मध्ये पूर्ण झालं. दर्शनी भिंतीवरची शिंपले-वेलींची नक्षी तिरप्या उन्हात उठून दिसते. आतलं लाकडी कोरीवकाम सावकाश बघण्यासारखं आहे. इथे आजही प्रार्थना होते, त्यामुळे आत बोलणं बेताचं आणि कपडे साधे असावेत.

जवळचंच सेंट थॉमस १५९८ चं. त्यात आता संग्रहालय आहे. संतांच्या जुन्या लाकडी मूर्ती, त्यांचे उडालेले रंग आणि शिलालेख. वर्षातून एकदा, १ नोव्हेंबरला, इथे प्रार्थना होते. तिसरं, १५९३ चं सेंट फ्रान्सिस, इस्पितळ म्हणून वापरात आलं; बाहेरून बघून पुढे निघावं.

तिथून पश्चिमेकडे वाण्यांच्या गल्ल्यांत शिरा. नगरशेठची हवेली लोक दाखवतात, पण तेवढ्यावर थांबू नका. अरुंद रस्ते, रंगीत दर्शनी भिंती, लाकडी गॅलऱ्या आणि त्यांतली कुलूपबंद घरं हे दीवचं खरं संग्रहालय आहे. १६८६ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने दीवच्या वाण्यांच्या एका कंपनीला मोझांबिकशी व्यापाराचा मक्ता दिला होता. इथून कापड जाई, तिकडून हस्तिदंत येई; गुलामांचा व्यापारही त्याच वाटेवर होता, तो विसरून या घरांची नक्षी बघता येत नाही. आफ्रिकेकडे जायची ती वाट विसाव्या शतकापर्यंत चालू राहिली. आता वाट बदलली आहे. १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वारसांना पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं, त्या कागदावर दीवची कितीतरी कुटुंबं इंग्लंडात लेस्टर-लंडनकडे गेली. कुलुपं त्यांची आहेत. घरं खाजगी आहेत. फोटो रस्त्यावरून काढा, ओट्यावर कोणी बसलं असेल तर आधी विचारा.

पारशांचाही दीवशी जुना संबंध आहे. इराणहून निघालेले पारशी संजाणला उतरण्याआधी एकोणीस वर्षं दीवला राहिले, असं त्यांच्या ‘किस्सा-ए-संजान’मध्ये म्हटलं आहे. शहराबाहेर त्यांचे जुने दखमे, म्हणजे मृतदेह ठेवायचे मनोरे, आहेत.

गल्ल्या संपतात तिथे कोटाची पश्चिम भिंत आणि लाल रंगवलेला झांपा दरवाजा. त्यावरचे सिंह आणि देवदूत शेजारीशेजारी बसलेले बघायला मजा येते. काळोख पडायच्या आत इथे पोहोचलात तर पहिला दिवस बरोबर बसला.

दुसरा दिवस: नायडा, गंगेश्वर आणि पश्चिम किनारा

आजचा क्रम भरतीवरून लावायचा आहे. मध्यबिंदू गंगेश्वर, बाकीचं त्याच्या मागे-पुढे.

फुदमजवळच्या खडकात समुद्राला लागून पाच शिवलिंगं आहेत. पांडवांनी स्थापलेली, अशी स्थानिक श्रद्धा. पूर्ण भरतीत ती पाण्याखाली जातात, ओहोटीत कोरडी उघडी राहतात. दोन्ही वेळा चुकीच्या. पूर्ण भरतीच्या दीड-दोन तास आधी पोहोचा. तेव्हा लाट येते, लिंगांवरून जाते, मागे सरते. पायऱ्या ओल्या आणि शेवाळी असतात, चपला वरच काढून ठेवायच्या असल्याने जपून उतरा, आणि उधाणाच्या दिवशी मुलांचा हात सोडू नका.

भरती दुपारी असेल तर सकाळ नायडा गुंफांना द्या. कोटाच्या बाहेर, जालंधर किनाऱ्याकडे जाताना त्या लागतात. नाव गुंफा असलं तरी मोठा भाग ही दगडाची खाण आहे: किल्ला आणि कोट बांधायला इथून चौकोनी चिरे कापून नेले, त्याच्या पायऱ्या आणि कोनाडे भिंतींवर दिसतात. वरच्या छिद्रांतून ऊन आत पडतं, त्यासाठी दहा ते बाराची वेळ उत्तम. दगड आहे मऊ पिवळसर चुनखडक, सूक्ष्म सागरी जिवांच्या शिंपल्यांची आणि वाळूची किनाऱ्यावर घट्ट झालेली रेती. पोरबंदरचा दगड म्हणून मुंबईतल्या जुन्या इमारतींत वापरलेला दगडही याच जातीचा. भिंतींवर नावं कोरणाऱ्यांनी गुंफांचा काही भाग खराब केला आहे. आपण हात लावू नये.

नायड्यानंतर जालंधर आणि चक्रतीर्थ हे खडकाळ किनारे. इथे पोहायचं नाही, ओहोटीत खडकांवरून फिरायचं आणि डबक्यांतले खेकडे, शंख बघायचे. चक्रतीर्थाच्या टेकाडावर आयएनएस खुकरीचं स्मारक आहे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानी पाणबुडी ‘हंगोर’ने ही युद्धनौका दीवसमोरच्या समुद्रात बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडलं नाही. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. त्याच नावाची पुढची खुकरी मुंबईच्या माझगाव गोदीत बांधली गेली. ती २०२१ च्या डिसेंबरात नौदलातून निवृत्त झाली आणि दुसऱ्याच महिन्यात संग्रहालयासाठी दीवच्या प्रशासनाकडे आली. वेळा आदल्या दिवशी विचारून ठेवा.

दीवने त्याआधी दहा वर्षं, १९६१ मध्ये, समुद्रावरची तोफांची लढाई पाहिली होतीच. १९ डिसेंबरला गोव्याबरोबर दीवही मुक्त झालं. आयएनएस दिल्लीने समुद्रातून मारा केला, ‘वेगा’ ही पोर्तुगीज गस्तीनौका विमानांनी बुडवली आणि चारशे वर्षांहून जुना ताबा दोन दिवसांत संपला.

गंगेश्वरनंतर पश्चिमेला नागवा. अर्धगोल, मऊ वाळूचा किनारा, आणि त्याच्या कडेने होका नावाचे फांद्या फुटलेले ताड. ताडाला फांद्या हा प्रकार डोळ्यांना विचित्र वाटतो. पोर्तुगिजांनी हे झाड आफ्रिकेतून आणलं असं गाइड सांगतात, पण ही जात आपल्या पश्चिम किनाऱ्यावरचीच आहे. नागव्याला पॅरासेलिंग, स्कूटर वगैरे सगळा बाजार आहे. दर आधी ठरवा आणि जीवरक्षक जॅकेट अंगावर बसतंय का ते स्वतः ओढून बघा.

वेळ उरला तर वणाकबाऱ्याला जरूर जा. पर्यटनाच्या पत्रकांत हे शेवटी असतं, माझ्या यादीत वर आहे. धक्क्याला लागलेल्या रंगीत होड्या, वाळत घातलेले बोंबील, लाकडी गलबतांची बांधणी; दीव अजून बंदर आहे हे इथे समजतं. सकाळी लवकर मासळी उतरते तेव्हा सर्वांत जास्त हालचाल असते. वास येणार, त्याची तक्रार असेल तर जाऊ नका. हिवाळ्यात परतताना फुदमच्या मिठागरांकडे नजर ठेवा, रोहित दिसायची शक्यता असते.

पोहायचं असेल तर घोघला

नागवा प्रसिद्ध आहे, पण निवांत आंघोळीला मी घोघल्याचा लांब, सपाट किनारा निवडेन. २०२० मध्ये ब्लू फ्लॅग हे स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांचं आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालेल्या भारतातल्या पहिल्या आठ किनाऱ्यांत त्याचा समावेश झाला. कपडे बदलायची जागा, स्वच्छतागृहं आणि जीवरक्षक इथे आहेत. तिसऱ्या दिवशी निघण्याआधीची सकाळ इथे घालवा, नाही तरी ऊन्याचा रस्ता याच बाजूने जातो.

खाणं-पिणं आणि तपासनाकं

गुजराती पर्यटकांमुळे शाकाहारी थाळी सगळीकडे मिळते. मासे खाणाऱ्यांनी सुरमई, पापलेट, कोळंबी यांच्याबरोबर ताजे बोंबील मागावेत. काही लहान खानावळी बाजारातून आणलेली मासळी रांधून देतात; रांधण्याचा दर आधी विचारा आणि तिखट किती ते सांगा, नाही तर लाल तर्रीदार पंजाबी रस्सा पुढ्यात येतो. आपल्या मालवणी-आगरी चवीची अपेक्षा धरून जाऊ नये.

दारू दीवच्या हद्दीत प्या किंवा पिऊ नका, पण सामानातून बाहेर नेऊ नका. घोघला आणि तड, दोन्हींकडे गुजरातची तपासनाकी आहेत, आणि उघडलेली अर्धी बाटलीही गुन्ह्याला पुरते. भाड्याच्या गाडीच्या चालकालाही हे आधी स्पष्ट सांगा. गाडीत काही सापडलं तर खोळंबा सगळ्यांचाच.

पुढे सोमनाथला जायचं तर दीवहून दोन-सव्वादोन तास धरा. गीरची सफारी करायची असेल तर परवाना वनखात्याच्या संकेतस्थळावर आधीच काढावा लागतो आणि तो काढताना दिलेलं ओळखपत्रच बरोबर लागतं. पावसाळ्याचे चार महिने, जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, सफारी बंद असते. सकाळची फेरी मिळाली असेल तर आदल्या रात्रीचा मुक्काम गीरच्या दाराशी असलेल्या सासणला हलवा. दीवहून पहाटे निघून वेळ गाठण्याची कसरत करू नका.